सोसायटीच्या लॉनमध्ये हुमणी

पुण्यातल्या एका सोसायटीचं लॉन ऐन सप्टेंबरात पिवळं पडलं म्हणून मला बोलावणं आलं. सेक्रेटरी म्हणाले, "पाणी कमी पडतंय बहुतेक. रोज दुप्पट सोडतोय." एका काकांचा संशय कुत्र्यांवर. माझं लक्ष साळुंक्यांकडे गेलं. हिरवं सोडून त्या नेमक्या पिवळ्या जागीच चोची खुपसत होत्या.

तिथलं गवत मुठीत धरून ओढलं, तर सतरंजीसारखं गुंडाळत वर आलं. मुळं शिल्लकच नव्हती. जादा पाण्याच्या जिवावर ते इतके दिवस कसंबसं हिरवं राहिलं होतं. खालच्या मातीत पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, अंगाचं वेटोळं केलेल्या अळ्या. माळीकाका मूळचे सांगलीकडचे. बघताक्षणी म्हणाले, "अरारा, हुमणी! उसाला लागती ती. हितं बी आली व्हय?"

लगेच आग्रह सुरू झाला, जालीम औषध मारा. मी नाही म्हटलं. एक तर तिथे पोरं अनवाणी खेळतात. शिवाय जुलैतली कोवळी अळी मरते तशी सप्टेंबरातली जाडजूड अळी औषधाला दाद देत नाही, आणि गवताच्या बुडाशी साचलेला वाळका थर बरंचसं औषध वरच अडवतो. मी हुमणीवर जगणारे सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे अतिसूक्ष्म जंत, मागवले. त्यांना ऊन सोसत नाही, म्हणून संध्याकाळी, लॉन आधी भिजवून सोडले आणि वरून पुन्हा पाणी दिलं. नंतर उकरलं तेव्हा बऱ्याच अळ्या विटकरी रंगाच्या होऊन मेलेल्या सापडल्या. सगळ्या नव्हे.

खरी गोम होती कडेच्या कडुनिंबात. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे, म्हणजे हुमणीच्या अळीचे पुढे होणारे पंखवाले किडे, तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि उजाडायच्या आत ते परत मातीत शिरतात. माद्या अंडी मातीतच घालतात. वर्षाला पिढी एकच, त्यामुळे हे दिवस साधले तर पुढचं काम निम्मं.

पुढच्या जूनमध्ये पोरांनीच आकडीने फांद्या हलवल्या, खाली चादरी अंथरल्या आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकले. भलताच उत्साह! कमिटीत मात्र कडुनिंबच तोडायचा ठराव आला. भुंगेरे पलीकडच्या बाभळीवर जातील आणि अंडी घालायला याच लॉनमध्ये येतील, एवढं मी लेखी दिलं.