आमची वाटचाल : ड्रोन त्यांचा, चावी आमच्याकडे

2016 ला आम्ही तिघांनी कंपनी काढली तेव्हा सैन्यबिन्य कुणाच्या डोक्यातही नव्हतं. हाय टेन्शन लाइनवरून ड्रोन उडवायचा आणि व्हिडिओतून तडकलेला इन्सुलेटर सॉफ्टवेअरने हुडकायचा, एवढंच काम. दोन-तीन वर्षांनी एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर साध्या कपड्यातले एक साहेब आले, बराच वेळ न बोलता स्क्रीन बघत राहिले आणि मग म्हणाले, इन्सुलेटरऐवजी झाडाखाली लपवलेला ट्रक सापडेल का. सापडेल, म्हटलं. तिथून गाडी वळली.

आमच्यातला एक जण मात्र तिथेच उतरला. तडा शोधणं वेगळं आणि माणसं बसलेला ट्रक शोधणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. 2018 मध्ये प्रोजेक्ट मेव्हनवरून, म्हणजे ड्रोनच्या व्हिडिओतून सॉफ्टवेअरने वस्तू ओळखायच्या अमेरिकी सैन्याच्या कामावरून, गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी सह्यांचं पत्र दिलं आणि कंपनीने ते कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही, हे उदाहरण तो द्यायचा. भांडण नाही झालं, हिस्सा दिला, अजून बोलणं आहे.

मग पहिली ट्रायल. उघडं माळरान, लाकडी पेटीवर लॅपटॉप, मागे पाच-सहा अधिकारी आणि स्क्रीनवर लाल अक्षरात 'लायसन्स तपासता येत नाही'. झालं असं की आमचं सॉफ्टवेअर सुरू होताना इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरला विचारायचं की पैसे भरलेत का, वीजवाल्यांनी बिल बुडवू नये म्हणून मीच ते घातलेलं, आणि तिथे मोबाईलला एक काडी यायची नि जायची. चाळीस मिनिटं मी हॉटस्पॉट हातात धरून फिरत होतो. साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमचा ड्रोन उडणार का नाही ते तुमचा सर्व्हर ठरवणार?" खरं तर सर्व्हर तरी आमचा कुठे, तोही भाड्याचा क्लाउड, म्हणजे दुसऱ्याच कंपनीची मशिनं. ते मी तेव्हा बोललो नाही.

पूर्वी उलटं होतं, इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट काय, जीपीएस काय, आधी सैन्याच्या पैशातून बनलं आणि मग आपल्या हातात आलं. आता माल बाजारात आधी तयार असतो आणि सैन्य गिऱ्हाईक म्हणून येतं. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर हल्ला व्हायच्या तासभर आधी व्हायासॅटच्या उपग्रह नेटवर्कचे हजारो मोडेम सायबर हल्ल्यात बंद पडले, त्याच दणक्यात मध्य युरोपातल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचं रिमोट मॉनिटरिंगही गेलं. काही दिवसांत स्टारलिंकचे, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे, टर्मिनल पोचले, म्हणजे एका खाजगी कंपनीचं बसलं म्हणून दुसऱ्या खाजगी कंपनीचं. तेव्हापासून मीटिंगमध्ये फीचर कमी आणि 'तुम्ही बंद पडलात तर?' हेच जास्त विचारतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या क्लाउडचं 10 अब्ज डॉलरचं काम (नाव जेडाय) एकट्या मायक्रोसॉफ्टला दिलेलं, अॅमेझॉन कोर्टात गेली, 2021 ला ते रद्द झालं आणि डिसेंबर 2022 मध्ये नवीन काम चौघांत वाटलं. त्यांना चार सापडतात तरी, आमच्यासारख्या बारक्या कामाला दुसरा कोण शोधणार?

आम्ही लायसन्सची चौकशी काढून टाकली, मुदत नसलेली लायसन्स फाइल दिली, आम्ही बंद पडलो तर त्यांना मिळावा म्हणून सोर्स कोड सीलबंद करून त्रयस्थाकडे ठेवला. वर्षाची फी गेली, ती अजून टोचते. आणि एवढं करून फोन येतो तो आम्हालाच, कारण नवीन प्रकारची गाडी ओळखायला सॉफ्टवेअरमधलं मॉडेल (चित्र ओळखणारा भाग) नवीन फोटो दाखवून परत शिकवावं लागतं, ते जमणारी त्यांची पोरं दोन वर्षांत जास्त पगारावर बाहेर पडतात, त्यातला एक तर आमच्याकडेच आलाय (हे साहेबांना आवडलेलं नाही).

मागच्या करारावेळी त्यांनी एकच नवीन गोष्ट विचारली, तुम्ही दोघं पार्टनर एकाच गाडीने फिरता का. तेव्हापासून ट्रायलला दोन गाड्या जातात, आणि अकाउंटंट दर वेळी डिझेलची दोन बिलं बघून फोन करतो.