मुतते तर बक्कळ, मंग किडनी कशी खराब?

मे महिन्यात आमच्या ग्रामीण रुग्णालयात हगवणीच्या लेकरांची रांग लागते. ओआरएस, झिंक, गरज पडली तर सलाईन. यवतमाळ जिल्ह्यात पारा 45 वर असताना याहून जास्त डोकं चालवायला वेळही नसतो. हा तीन वर्षांचा पोरगा त्याच रांगेतला. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. पण चड्डी ओलीचिंब, आणि ती जुलाबानं नव्हे.

अंगातलं पाणी आटलं की किडनी ते धरून ठेवते. लघवी थोडी आणि पिवळीजर्द होते. याची नळाच्या पाण्यासारखी. पट्टी बुडवली, विशिष्ट गुरुत्व 1.005, म्हणजे जवळपास पाणीच. लेकरू सुकत होतं आणि किडनी पाणी सांडतच होती. बेंबीखाली लघवीची पिशवी हाताला घट्ट लागली. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की साचणारा कचरा, आलं 2.1, फारच जास्त.

आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मुतते तर बक्कळ, मंग किडनी कशी खराब झाली जी मॅडम?"

याच्या किडनीला लघवी दाट करता येत नाही, म्हणूनच बक्कळ. हे आजीला पटेपर्यंत दुसरी सलाईन लागली.

आईनं कागदांची पिशवी समोर ठेवली. सातव्या महिन्याची सोनोग्राफी: दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशय मोठं, गर्भजल कमी. याला नाव मात्र दिलेलं नाही. ही लक्षणं मूत्रमार्गात लघवी अडवणाऱ्या जन्मजात पडद्याची, आणि तो फक्त मुलग्यांत असतो. तो लिहिला की लिंग सांगितल्यासारखंच, आणि पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंग सांगायला बंदी करणाऱ्या कायद्याची, धास्ती सगळ्यांना. 'खालच्या मूत्रमार्गात अडथळ्याचा संशय' एवढं लिहिलं तरी कायदा आडवा येत नाही. पण तेवढी शाई खर्च करणारे थोडे.

तरी पोरगा नशीबवान. जन्मल्यावर धार बारीक म्हणून नागपूरला पाठवलं गेलं, पहिल्याच महिन्यात दुर्बिणीतून पडदा कापला. धार सुटली आणि घरच्यांसाठी विषय संपला. गर्भात दाबाखाली घडलेली किडनी मात्र पडदा कापल्यानं पुन्हा घडत नाही. पहिल्या वर्षात क्रिएटिनिन किती खाली उतरतं, यावर पुढचा बराच अंदाज बांधता येतो: 0.8 च्या खाली असेल तर आशा, 1 च्या वर राहिलं तर काळजी. त्या वर्षाचा एकही रिपोर्ट पिशवीत नव्हता. डिस्चार्ज कार्डावर फेरतपासणीचा सल्ला होता, इंग्रजीत. शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकाकडे जन्मजात दोषांची यादी असते. त्यात फाटलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हृदय आहे. किडनी नाही.

आणि मग ती चिठ्ठी सापडली. दीड वर्षाचा असताना तापासाठी कुठेतरी रक्त तपासलेलं. क्रिएटिनिन 0.9, शेजारी रेंज 0.6 ते 1.2. ठळक अक्षर नाही, बाण नाही. ती रेंज मोठ्या माणसाची! दीड वर्षाच्या पोराला 0.2 ते 0.4 शोभतं. किडनी रक्त किती गाळते याचं गणित मी कागदाच्या पाठीवर मांडलं: उंची 80 सेंटिमीटर धरली, गुणिले 0.413, भागिले 0.9. उत्तर 37 च्या जवळ. या वयात ते नव्वदच्या पुढेमागे हवं.

तेव्हा कळलं असतं तर? रक्तदाब आटोक्यात ठेवला असता, रक्तातलं आम्ल कमी करायला सोडा दिला असता, रात्री लघवीची पिशवी नळीनं रिकामी करायला शिकवलं असतं. किडनी वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण डायलिसिस सहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी यात फरक आहे, आणि तो मला डोक्यातून काढता येत नाही.

पाणी भरून निघाल्यावर क्रिएटिनिन 1.4 ला येऊन अडलं. उंची 90, म्हणजे त्याच गणितानं 27 च्या जवळ. नागपूरच्या किडनीतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. उन्हाळ्यात पाणी मागेल तेवढं द्यायचं, जुलाब लागले तर त्याच दिवशी यायचं, हे आजीकडून दोनदा वदवून घेतलं.

त्या लॅबवाल्यालाही फोन केला. "मॅडम, मशीनमधून निंगते तेच छापतो."

"मग पेशंटचं वय कशाला विचारता?"

"ते रजिस्टरले लागते."