पेजेचा वास

"अरे, हा तर पेजेचा वास!" काल रात्री योकोहामाच्या घरी आईने गरम जुनमाई साकेचा (साके म्हणजे तांदळाची जपानी दारू) कप नाकाशी धरला आणि एकदम म्हणाली.

टेबलावर तीन साके होत्या. दाईगिंजो थंडगार, तांदळाचा दाणा घासून घासून निम्मा किंवा त्याहूनही कमी ठेवलेला, खरबुजासारखा वास, माझी सगळ्यात आवडती आणि महागही तीच. होंजोझो हलकी, ठीक.

आई पीत नाही, नुसता वास घेत होती. दाईगिंजो हुंगून म्हणाली, "छान आहे रे, पण यात तांदूळ कुठे राहिला?"

जुनमाईत तांदूळ, पाणी, कोजी (बुरशी चढवलेला तांदूळ), यीस्ट, बस. ४५ अंशांपर्यंत तापवली आणि तिला रत्नागिरीची चूल आठवली.

इतकी वर्षं मी लेबलवरचा घासाईचा आकडा बघूनच बाटली उचलतोय. तुम्ही कुणी गरम करून प्यायलीय का?