आमची वाटचाल : हिशेबाची वही आणि दुसरी वही

बाबांचं इंदूरच्या रामबागेत छोटंसं दुकान होतं, माइक, भोंगे, सतरंज्या आणि लोखंडी खुर्च्या भाड्यानी द्यायचे. गणपतीचे दहा दिवस आम्ही घरी झोपायला सुद्धा यायचो नाही, एका मंडपातून दुसऱ्या मंडपात वायरी ओढत फिरायचो. मी 2006 पासून त्यांच्या हाताखाली लागलो आणि 2011 मध्ये पहिल्यांदा आख्खा प्रोग्राम आम्ही अंगावर घेतला, म्हणजे मंडप, साउंड, लायटिंग, नाश्ता, पाहुण्यांची ने-आण सगळंच. इंदूरच्याच एका कॉलनीतल्या मराठी मंडळाची दिवाळी पहाट होती ती.

350 खुर्च्या लावल्या, सगळ्या भरल्या. गाणारे चांगले, थंडी बेताची, भैरवीला लोकांचे डोळे ओले झालेले मी स्वतः पाहिलेत. अध्यक्षांनी हात हातात घेऊन म्हटलं, "छानच झालं हो सगळं." आम्ही खूश. संध्याकाळी बाबांनी हिशेबाची वही काढली, आवक लिहिली, खर्च लिहिला, चार पैसे उरले होते, खाली एक रेघ ओढली आणि विषय संपला. पुढच्या वर्षी त्याच मंडळानी काम दुसऱ्याला दिलं. का ते कोणी सांगितलं नाही, आपल्याकडे तोंडावर कोण सांगतं?

कळलं ते सात-आठ महिन्यांनी, एका मुंजीत. त्याच कॉलनीतल्या एक काकू भेटल्या, मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "गाणी फार गोड झाली रे, पण पोह्यांसाठी एवढा वेळ उभं राहायचं म्हणजे, माझे गुडघे बोलायला लागले, मी आपली तशीच घरी गेले." माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला, कारण त्या दिवशी आमचे साठ-सत्तर माणसांचे पोहे उरले होते आणि वहीत आम्ही लिहिलं होतं "पोहे जास्त झाले, पुढच्या वेळी कमी". म्हणजे निदानच उलटं! पोहे जास्त नव्हते, लाइन लांब होती म्हणून लोक न खाता गेले. मग घरी येऊन गणित मांडलं. प्लेट घ्यायची, पोहे वाढायचे, वरून शेव, जीरावन मसाला, लिंबू, जिलेबी, असं एका माणसाला साधारण आठ सेकंद लागतात. 340 माणसं आणि टेबल एकच, म्हणजे 2720 सेकंद, पंचेचाळीस मिनिटं. शेवटच्या माणसानी पाऊण तास उभं राहायचं, तेही पहाटे पाचला उठून आलेल्या माणसानी. चार टेबलं लावली असती तर तेच काम अकरा-बारा मिनिटांत झालं असतं. खर्च किती वाढला असता, तर तीन वाढपी आणि तीन टेबलांचा. पोह्यांची दोन पातेली उकळत्या पाण्यावर वाफेला ठेवलेलीच होती, काही अडचण नव्हती.

त्या रात्री दुसरी वही सुरू झाली. हिशेबाची वही पैसे किती आले ते सांगते, आणि प्रोग्राम कसा झाला ते सांगायला वेगळी वही पाहिजे हे मला तेव्हा पटलं.

त्यात काय लिहायचं हे ठरायला मात्र दोन-तीन वर्षं गेली. सुरुवातीला आम्ही फीडबॅक फॉर्म छापले, गुळगुळीत कागदावर, पेन सुद्धा दिले. 400 वाटले, परत आले 31, आणि त्यातल्या बहुतेकांवर "उत्तम", "अति उत्तम", एकावर नुसता श्रीगणेशा आणि सही. पुण्याला कंपनीत असलेल्या भाच्यानी सांगितलं, मामा, शून्य ते दहात मार्क विचारा, तुम्ही हा प्रोग्राम ओळखीच्या माणसाला सुचवाल का असं. फ्रेड रायकहेल्ड यांनी 2003 मध्ये मांडलेली पद्धत आहे ती, नऊ आणि दहावाले टक्के घ्यायचे, त्यातून शून्य ते सहावाले टक्के वजा करायचे, सात-आठवाले फक्त एकूण माणसांत धरायचे, बेरीज-वजाबाकीत नाही. करून पाहिलं. आमच्याकडे निम्म्या लोकांनी आठच दिले, कारण ओळखीच्या माणसाला सहा देणं आपल्याला जड जातं आणि दहा द्यायला मन धजत नाही. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, मोठ्या कंपन्यांना लाखो गिऱ्हाइकं असतात त्यांना उपयोग होत असेल, आमच्या 300 माणसांच्या प्रोग्रामात तो आठ काहीच बोलत नव्हता.

मग प्रश्न बदलला. कसं वाटलं हे विचारणं बंद केलं. आता तिसऱ्या दिवशी आमच्या घरातून दहा-बारा फोन जातात, बायको करते, तिच्याशी बायका मोकळं बोलतात. त्यातले निम्मे फोन अशा लोकांना जे मधूनच उठून गेले होते, कारण शेवटपर्यंत बसलेला माणूस तर खूशच असतो. प्रश्न दोनच, "उठावंसं कधी वाटलं?" आणि "घरी गेल्यावर या प्रोग्रामाबद्दल काय बोलणं झालं?" या दुसऱ्या प्रश्नाला लोक खरं बोलतात, अगदी खरं. एका आजोबांनी सांगितलं की बाथरूम कुठे आहे ते कळेना आणि कोणाला विचारायची लाज वाटली म्हणून मध्यंतरात गेलो. असं कोणत्या फॉर्मवर आलं असतं? त्यानंतर आमच्या प्रत्येक प्रोग्रामात बाथरूमकडे जायचा बोर्ड गुडघ्याएवढ्या नाही, डोळ्यांएवढ्या उंचीवर असतो, मोठ्या अक्षरात, आणि ज्येष्ठांच्या दोन ओळी त्या बाजूला, कडेला, म्हणजे उठायला कोणाचे पाय ओलांडावे लागत नाहीत.

फोन झाले, पण लोक बोलतात त्याच्यापेक्षा लोक करतात ते जास्त विश्वासाचं असं माझं मत झालंय. म्हणून आमचा एक मुलगा रिकाम्या खुर्च्या तीन वेळा मोजतो, सुरुवातीला, मध्यंतरानंतर आणि संपायच्या दहा मिनिटं आधी. लाइनीसाठी एक चिठ्ठी असते, शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वेळ लिहून द्यायची आणि टेबलापाशी परत घ्यायची, किती मिनिटं लागली ते कळतं. आणि तिसरी गोष्ट ओल्या कचऱ्याची बादली, जी आम्हाला आमच्या शहरानीच शिकवली. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येत गेलं तसं ओला-सुका वेगळा करणं इथल्या पोरासोरांच्या अंगवळणी पडलंय, प्रोग्रामात सुद्धा दोन डबे ठेवावेच लागतात. हा ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जातो, 2022 मध्ये सुरू झाला तो, तेव्हा रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांत भरायचा गॅस, करायची क्षमता होती. पण तो जायच्या आधी आम्ही वजनकाट्यावर ठेवतो आणि झाकण उघडून बघतो. एका साखरपुड्यात डब्यात सगळी पुरी होती, श्रीखंड नव्हतंच. स्वयंपाकाच्या महाराजांना दाखवलं. ते म्हणाले पुऱ्या आधी तळून ठेवल्या होत्या, गार होऊन चिवट झाल्या. आता पुरीची कढई जेवणाच्या जागेच्या मागेच लागते आणि पंगत बसल्यावरच पेटते.

आमच्या पोरांची बैठक त्याच दिवशी होते, सामान ट्रकमध्ये चढल्यावर, चहा पिताना. ही सुद्धा भाच्यानीच सांगितलेली गोष्ट, अमेरिकेच्या सैन्यात प्रत्येक मोहिमेनंतर असं बसतात म्हणे, काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय करायचं, आणि तिथे हुद्दा बाजूला ठेवून बोलतात. आमच्यात सगळ्यात उपयोगाचं बोलतो तो पार्किंगवर उभा राहणारा मुलगा, कारण येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची तोंडं तोच बघतो. पहिल्यांदा तो गप्प बसायचा, मग मी नियम केला की आधी तो बोलेल, मी सगळ्यांत शेवटी. चूक कोणाची हे त्या चहावर काढायचं नाही. एकदा मी साउंडवाल्या पोराला सगळ्यांसमोर झापलं आणि नंतरच्या तीन बैठकांमध्ये कोणी काही बोललंच नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक, शेजारी. पाहुणे खूश, यजमान खूश, पण मागच्या गल्लीत रात्रपाळी करून आलेला माणूस आहे, परीक्षेची मुलगी आहे, त्यांच्यासाठी तो प्रोग्राम कसा झाला? रात्री 10 ते पहाटे 6 उघड्यावर भोंगा लावायचा नाही हा 2000 सालचा देशभराचा नियम आहे आणि दिवाळी पहाटवाल्यांना तो नीट पाळावा लागतो. आम्ही एका वर्षी पाच वाजता "हॅलो माइक टेस्ट" सुरू केलं आणि मागच्या घरातले गृहस्थ स्वेटर घालून येऊन उभे राहिले, शांतपणे म्हणाले, घरात आजारी माणूस आहे. चूक आमचीच होती. आता साउंड चेक आदल्या संध्याकाळी, पहिला सूर सहानंतर, आणि आसपासच्या घरांत आदल्या दिवशी फराळाचा छोटा डबा आणि वेळेची चिठ्ठी.

हे सगळं करूनही 2017 मध्ये एक प्रोग्राम आमचा वाईट फसला. एका गृहस्थांची पंचाहत्तरी होती. लाइन दहा मिनिटांच्या आत, कचरा कमी, खुर्च्या भरलेल्या, वहीप्रमाणे सगळं उत्तम. तिसऱ्या दिवशी फोन केला तर त्यांचा मुलगा म्हणाला, "दादांचे शाळेतले सहा मित्र आले होते, लांबून आले होते, दादांना त्यांच्याबरोबर बसायचं होतं. भाषणं पावणेदोन तास चालली आणि मित्रांना गाडी पकडायची होती." आम्ही सगळं मोजलं होतं, फक्त हा प्रोग्राम कशासाठी आहे हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून बयाणा घ्यायच्या आधी मी यजमानांना एकच विचारतो, दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालेलं असलं की तुम्ही म्हणाल पैसे वसूल? त्यांचं वाक्य जसंच्या तसं पानाच्या वर लिहितो, आणि मोजायचं काय ते त्यावरून ठरतं.

2020 मध्ये सगळंच बंद होतं, खुर्च्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडल्या होत्या. तेव्हा मी वह्या सलग वाचल्या, पहिल्यांदाच. "मागच्या ओळींना आवाज कमी" हे वाक्य अकरा वेळा सापडलं, माझ्याच अक्षरात. अकरा वेळा लिहिलं आणि एकदाही त्यावर काही केलं नाही, कारण लिहून झाल्यावर वही कपाटात जायची. ते बघून मला रात्रभर झोप आली नाही. आता काम घेतलं की सामानाच्या यादीआधी मागच्या तशाच प्रोग्रामाचं पान उघडतो, त्यातल्या दोनच गोष्टी निवडतो, प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव. दहा सुधारणा एकदम करायला गेलो की एकही धड होत नाही.

ते पहिलं मंडळ 2015 मध्ये परत आलं. काकू आता नाहीत. त्यांच्या मंडळात चार टेबलं लागतात आणि बसून खाणाऱ्यांना प्लेट जागेवर जाते.

यंदाच्या पानावर वरती अध्यक्षांचं वाक्य आहे, "आमची मुलं पूर्ण वेळ बसली पाहिजेत." मागच्या वर्षीच्या मोजणीत पंचविशीच्या आतली मुलं शेवटच्या अर्ध्या तासात आली होती, फोटो आणि पोह्यांपुरती. बायकोनी आठ मुलांना फोन केलेत. तिघांनी सांगितलं, आम्हाला काम द्या, नुसतं बसवू नका. एकीला निवेदन करायचंय, मराठीतून, तिला लिहिता येत नाही पण बोलता येतं. रविवारी संध्याकाळी ती आमच्या दुकानात येतेय.