क्योतोतला जुलै: गिओन उत्सवाची रोजनिशी

11 जुलै

यासाका देवळाच्या या उत्सवात 17 आणि 24 तारखेला रथांच्या दोन मिरवणुका निघतात. शिजो आणि कारासुमा रस्त्यांच्या आसपास पहिल्या मिरवणुकीचे रथ उभे राहू लागले आहेत. कुठेही ठोकाठोकी ऐकू येत नाही, कारण सांगाड्यात एकही खिळा नसतो. तुळया एकमेकींत बसवायच्या आणि सांधे भाताच्या पेंढ्याच्या दोराने आवळायचे, ही इथली रीत. चाकांवरचे मोठे रथ म्हणजे होको. त्यातला सर्वांत जड सुमारे 12 टनांचा भरतो आणि उंची 25 मीटरपर्यंत जाते. एवढं धूड चालताना हेलकावतं. खिळ्याने सांधा ताठर झाला, तर तो झटका लाकडाला चीर पाडेल. दोर किंचित सरकतो आणि ताण सोसतो. वेढे इतके सफाईने घातलेले असतात की नुसती ती बांधणी बघत तासभर सहज जातो.

सांगाडा आधी रस्त्यावर आडवा करून त्यात मधला उंच खांब बांधतात, मग दोर ओढून सगळंच उभं करतात. माझ्या मते वय झालेल्या प्रवाशाने याच दिवसांत यावं, म्हणजे 10 ते 14. तिकीट नाही, सकाळी गर्दी विरळ, आणि पदपथावर सावलीला उभं राहून सगळं हातभर अंतरावरून दिसतं. बहुतेक परदेशी पाहुणे 16 तारखेला येतात आणि त्यांना फक्त माणसांची डोकी दिसतात.

13 जुलै

काल आणि आज दुपारी रथ ओढून बघण्याची चाचणी झाली. तिला हिकीझोमे म्हणतात. जमलेल्या कुणालाही दोराला हात लावता येतो. पायात सपाता नकोत, बंद बूट हवेत. रथ हळू चालतो, पण थांबताना दोराला हिसका बसतो आणि मागचा माणूस पुढच्यावर येतो. गुडघे दुखत असतील तर रथापासून लांबच्या टोकाला, कडेला उभं राहावं, म्हणजे केव्हाही बाहेर पडता येतं.

14 जुलै

मिरवणुकीच्या आधीच्या तीन संध्याकाळी म्हणजे योईयामा. 15 आणि 16 ला संध्याकाळी 6 नंतर मोठे रस्ते वाहनांना बंद होतात, गल्ल्या एकदिशा होतात आणि समोर दिसणाऱ्या स्टेशनच्या जिन्याशी पोचायला लांबचा वळसा पडतो. कंदील तर आजही पेटतात. म्हणून आज दुपारी 4 ला यावं, उजेड असेपर्यंत कापडं बघावी, अंधार पडला की कंदिलांखाली झांज, बासरी आणि ढोल ऐकावा आणि परतावं.

खरा खजिना त्या कापडांत आहे. कांको-बोको या रथाच्या दर्शनी बाजूला 16 व्या शतकात युरोपातल्या फ्लँडर्समध्ये विणलेली टॅपेस्ट्री, म्हणजे चित्र विणलेलं जाड कापड, असते. तिच्यावर बायबलमधली रिबेका पाणी पाजते आहे. त्सुकी-होकोवर मोगल काळातला हिंदुस्थानी गालिचा. मिनामी कान्नोन-यामा या रथाकडे 1684 सालची नोंद असलेली भारतीय छीट आहे. बंद दाराच्या जपानात हे सारं परदेशी व्यापारातून आलं. इथल्या पेठा वस्त्रव्यापाऱ्यांच्या, त्यांना कापडाची पारख होती आणि आपल्या रथाचा साज शेजारच्या पेठेपेक्षा सरस असावा ही ईर्षाही होती. आपल्याकडचं जुनं काम इतक्या लांब, इतक्या मायेने जपलेलं बघताना ऊर भरून येतो.

त्सुकी-होकोजवळ मान वर करायला विसरू नये. छपराच्या आतल्या बाजूला सोनेरी जमिनीवर फुलझाडं आहेत, मारुयामा ओक्यो या चित्रकाराने 1784 मध्ये रंगवलेली. रथ चालत असताना ती नीट दिसत नाहीत. मूळ कापडांचंही तसंच. अनेक रथांवर मिरवणुकीत प्रतिकृती चढवतात, आणि पाऊस आला तर त्यावरही पारदर्शक प्लास्टिक येतं.

शिनमाची आणि मुरोमाची गल्ल्यांतल्या जुन्या घरांत घडीचे चित्रपडदे मांडलेले दिसतात. रस्त्यावरूनच बघायचे. फोटो काढण्याआधी पाटी बघावी, नाहीतर हाताने खूण करून विचारावं.

17 जुलै

पहिली मिरवणूक: 23 रथ, सकाळी 9 ला शिजो-कारासुमाहून. नागिनाता-बोको कायम पुढे, बाकी बऱ्याच रथांचा क्रम 2 तारखेला चिठ्ठ्या काढून ठरतो.

बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कोपऱ्यावरचं वळण, त्सुजिमावाशी. चाकं सुमारे 2 मीटर व्यासाची आणि आस पक्की, त्यामुळे रथ आपण होऊन वळूच शकत नाही. चाकांखाली चिरलेल्या ओल्या बांबूच्या पट्ट्या अंथरतात, पाणी ओततात, दोर बाजूला नेऊन बांधतात. पुढे उभे असलेले दोघे-चौघे पंखे हलवून इशारा देतात आणि सगळे एकदम ओढतात. रथ आडवा घसरतो. एका ओढीत काटकोन होत नाही, तीन-चार लागतात. इशारा आणि ओढ यांचा मेळ चुकला की रथ जागचा हलत नाही, आणि पट्ट्या पुन्हा मांडाव्या लागतात.

शिजो-कावारामाची चौकात हे बघायला पहाटेपासून लोक उभे असतात. उन्हात तास न् तास उभं राहण्याची ताकद नसेल तर तिथे जाऊ नये. ओइके रस्त्यावर पैसे भरून खुर्ची मिळते, पण छत्री उघडता येत नाही. रुंद काठाची टोपी, ओला पंचा आणि मिठाची गोळी लागते. शेवटची शिनमाची गल्ली अरुंद आहे. तिथे छपरावर बसलेले कारागीर विजेच्या तारा आणि खांब चुकवत रथ पुढे नेतात.

रथ परतले की त्याच दिवशी मोडायला घेतात. 869 मध्ये साथ पसरली तेव्हा देशातल्या प्रांतांइतके 66 भाले उभारून हा विधी सुरू झाला. रोगराई रथांवर गोळा होते अशी धारणा, म्हणून त्यांना उभं ठेवायचं नाही. यासाका देवळातल्या तीन मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्याच, संध्याकाळी निघतात. सकाळचे रथ त्यांचा मार्ग शुद्ध करण्यासाठी असतात, हे ठाऊक नसलेले पाहुणे दुपारीच निघून जातात.

21 जुलै

दुसऱ्या पर्वाचे, म्हणजे 24 तारखेच्या मिरवणुकीचे, रथ उभे आहेत. आजपासून 23 पर्यंत पुन्हा योईयामा, पण खाण्याच्या टपऱ्या नाहीत आणि गर्दी कितीतरी कमी. योईयामाची एकच फेरी जमणार असेल तर ती याच दिवसांत करावी. कोई-यामाकडे ब्रसेल्समध्ये विणलेली ट्रॉयच्या युद्धाची टॅपेस्ट्री आहे, रथाच्या मापाने कापून वापरलेली. कापली म्हणून हळहळ वाटते, पण ती उत्सवात वापरली गेली म्हणूनच इतकी वर्षं सांभाळली गेली असावी.

चिमाकी म्हणजे बांबूच्या पानांची जुडी, वर्षभर दाराला टांगायची. खायची नसते. आवडत्या रथाची हवी असेल तर लवकर घ्यावी, संपते.

24 तारखेची मिरवणूक 11 रथांची, सकाळी 9:30 ला कारासुमा-ओइकेहून, उलट दिशेने. 1966 ते 2013 ही दोन्ही पर्वं एकत्र केलेली होती. वेगळी झाली ती 2014 मध्ये, त्याच वर्षी 1864 च्या आगीत गेलेला ओफुने-होको नव्याने बांधून परत आला. ताका-यामा 1826 नंतर थेट 2022 मध्ये मिरवणुकीत आला. नावेच्या आकाराचा ओफुने-होको सर्वांत शेवटी असतो, तेव्हा तो बघायचा असेल तर पाण्याची बाटली आधीच भरून ठेवावी.