समुद्र वाडीत सांडत होता

दिवेआगरच्या एका रिसॉर्टवाल्यांचा फोन आला. "अहो, फोटोत आमचा समुद्र वाडीत सांडतोय. बघा जरा."

फाइल उघडली. ड्रोनने १२० मीटरवरून काढलेला ३६० अंशांचा पॅनोरमा, १२,००० पिक्सेल रुंद. समोर पश्चिमेला बघितलं तर सगळं ठीक. उत्तरेला किंवा दक्षिणेला वळलं की पाण्याची कड किनाऱ्याकडे उतरत यायची. सुपारीत पाणी शिरणार असंच वाटायचं.

घोळ मागच्या डोंगरांचा होता. त्यांची कड खऱ्या क्षितिजापेक्षा दोनेक अंश वर दिसते. फोटो जोडणाऱ्याने तीच क्षितिज धरून चित्राच्या मधल्या आडव्या रेषेवर बसवली असणार. असा पॅनोरमा म्हणजे कॅमेऱ्याभोवतीचा एक गोल; तो पूर्वेला दाबला की पश्चिमेला तेवढाच उचलला जातो, आणि या रुंदीत एक अंश म्हणजे ३३ पिक्सेल.

तक्रार केल्यावर त्यांना दुसरी फाइल मिळाली होती. तिच्यात समुद्र अगदी आडवा, पण पाण्याची टाकी कललेली! नुसती पाण्याची पट्टी ओढून सरळ केली होती, बाकी गोल तसाच तिरका. असल्या डागडुजीवर काम करण्यात अर्थ नसतो. मूळ फोटो मागवले.

गंमत म्हणजे त्यांतल्या प्रत्येक फाइलमध्ये गिंबलचा (ड्रोनवर कॅमेरा सरळ धरणाऱ्या यंत्रणेचा) रोल, म्हणजे आडवा कल, शून्य नोंदवलेला, आणि तरी काही फोटोंत समुद्र उघड तिरका. गिंबलला आपण सरळ आहोत असं वाटत असेल तर तो शून्यच लिहिणार.

सगळे फोटो हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले. आपोआप सापडलेले कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फोटोंत जुळणाऱ्या खुणा, आधी चाळले. लाटांच्या फेसावरचे आणि ढगांवरचे काढून टाकले, कारण पुढचा फोटो निघेपर्यंत लाट काही जागेवर थांबत नाही. मग समुद्राच्या कडेवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आडव्या रेषेचे पॉइंट दिले. जमिनीच्या बाजूला क्षितिज दिसतच नाही, तिथे उभ्या रेषांवरच भिस्त: टाकीचे खांब, मोबाइल टॉवर, इमारतीचे कोपरे. माडांच्या नादी लागू नये. समुद्रकाठचा माड कधी सरळ असतो का? त्यानंतर प्रत्येक फोटोचे यॉ, पिच, रोल (डावी-उजवी दिशा, वर-खाली झुकाव, आडवा कल) नव्याने ऑप्टिमाइझ केले.

टाकी उभी राहिली, समुद्र सपाट झाला. फक्त त्याची कड मधल्या रेषेच्या अकराएक पिक्सेल खाली बसली. ती उचलून रेषेवर ठेवायला हात शिवशिवतात, पण ती तिथेच हवी. १२० मीटरवरून समुद्राचं क्षितिज साधारण ३९ किलोमीटरवर असतं आणि कॅमेऱ्याच्या पातळीपेक्षा अंशाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं खाली दिसतं. रेषेवर आणायचं म्हणून पश्चिम बाजू उचलली असती तर पूर्व बाजू तेवढीच खाली गेली असती आणि गोल पुन्हा तिरका झाला असता.

फाइल पाठवली. त्यांनी मोबाइलवर चारही दिशांना फिरवून पाहिली, टाकीपाशी जरा जास्तच थांबले.

"झालं बुवा सरळ. आणि वरचं आकाश? ते त्याच दिवशीचं ना?"

या ड्रोनच्या कॅमेऱ्याला थेट डोक्यावरचं दिसत नाही, म्हणून तेवढा तुकडा बाजूच्या रंगावरून भरलाय, असं सांगितलं.

"म्हणजे तेवढं खोटं."

"हो."

"चालेल. तिथे माझ्या खोल्या नाहीत."