स्ट्रूपचं कार्ड आणि माझ्या सासूबाई

मुलगी दहावीला गेली त्या वर्षी मी अर्धवट सुटलेलं बी.ए. पुरं करायचं ठरवलं. विषय मानसशास्त्र. थिअरीची भीती नव्हती. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा, वुंट, लायपझिग, १८७९ हे पोळ्या लाटतानासुद्धा पाठ होत होतं. धाकधूक होती प्रॅक्टिकलची. प्रत्येक प्रयोगाला एक प्रयुज्य लागतो, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. वर्गातल्या मुली एकमेकींच्या प्रयुज्य व्हायच्या. मला तास संपला की बस गाठायची असायची, म्हणून मी घरातलंच माणूस धरलं. सासूबाई.

प्रयोग होता स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. एका कार्डावर नुसते रंगीत चौकोन, दुसऱ्यावर रंगांची नावं, पण चुकीच्या शाईत: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, असं. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूपने हे १९३५ साली छापलं. त्याच्या १०० विद्यार्थ्यांना शंभर चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, आणि शंभर शब्दांच्या शाईचे ११०.३. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नको म्हटलं तरी होतंच. (पुढच्या प्रयोगात त्याने चौकोनांऐवजी स्वस्तिकं वापरली होती. अमेरिकेत, १९३५ साली! परीक्षेत हे कोणी विचारत नाही, पण माझ्या डोक्यात तेवढंच घट्ट बसलंय.)

सूचना सगळ्या प्रयुज्यांना शब्दशः सारख्याच द्यायच्या असतात. मी जर्नल उघडून गंभीर आवाजात सुरुवात केली, “मी ‘सुरू’ म्हटलं की...”

“अगं, आधी चहा तरी होऊ दे.”

चहा झाला. चौकोन, ४० नग: ४६ सेकंद. शब्द, तेही ४०: ४८ सेकंद. फरक दोन सेकंदांचा. मी स्टॉपवॉच हलवून बघितलं.

खरं सांगते, त्या रात्री पेन हातात होतं. ४८ चे ८४ करायला आकडे फक्त उलटे लिहायचे होते, आणि उत्तर पुस्तकासारखं आलं असतं. तसं केलं नाही ते फार प्रामाणिक आहे म्हणून नव्हे. पानाखाली प्रयुज्याची सही होती, आणि ती सही सासूबाईंची होती.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. ते म्हणाले, “कार्ड कोणत्या भाषेत आहे?”

इंग्रजीत. कॉलेजचं छापील कार्ड. सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, मराठी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणाऱ्या. पण इंग्रजी अक्षरं त्यांना एकेक जुळवावी लागतात. जो शब्द आपोआप वाचलाच जात नाही, तो आड कसा येणार? चौकोन काय नि शब्द काय, त्यांना दोन्ही रंगीत नक्षीच.

मग मी स्केचपेनं घेऊन मराठी कार्ड करायला बसले, आणि खरी गंमत तिथे झाली. आधी पिवळा घेतला, तो पांढऱ्या कागदावर दिसेना. तपकिरी घेतला, तर सराव फेरीत सासूबाई म्हणाल्या, “चॉकलेटी.” जांभळ्याला ‘वांगी कलर’, गुलाबीला ‘राणी’. साड्यांच्या दुकानात उभं आयुष्य गेलेल्या बाईला रंगांची टंचाई नसते, पण नाव निवडण्यातच वेळ गेला तर मी मोजतेय काय? शेवटी लाल, निळा, हिरवा आणि जांभळा एवढेच ठेवले, आणि कोणत्या रंगाला काय म्हणायचं ते आधी ठरवून घेतलं.

मराठी शब्द, ४० नग: ७९ सेकंद. मध्ये दोनदा “श्शी!” आणि एकदा “थांब, परत”. थांबायचं नसतं, घड्याळ चालूच ठेवलं.

प्रयोगानंतर प्रयुज्याला काय वाटलं तेही जर्नलमध्ये उतरवायचं असतं. मी त्यांचंच वाक्य लिहिलं: “वाचायचं नाही असं मनाशी घोकत होते, तरी मेलं जिभेवर तेच येत होतं.”

मी हवेतच होते. सरांनी खाली आणलं. कार्ड बदललं, अक्षरांचा आकार बदलला, दिवस बदलला, वर बाईंना आता खेळ माहीत झालेला. मग हा फरक एकट्या भाषेचा कशावरून? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी परीक्षेसाठी तीनदा लिहून काढलं होतं. आणि प्रयुज्य एकच. मग इंग्रजी माध्यमातल्या पुतणीला बसवलं, तर मागे टीव्ही चालू आणि ती हसतच सुटली. तो आकडा काट मारून तसाच ठेवलाय, कारणासकट.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी पान उलटलं आणि विचारलं, “ही दोन-दोन कार्डं का?” मी सांगायला लागले. चांगली दहा मिनिटं गेली. बाकीचे प्रयोग त्यांनी उघडलेच नाहीत.

पुढच्या सत्रात आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग आला. सासूबाईंनी ताट पुसता पुसता बाहेरच्या खोलीकडे मान वळवली आणि म्हणाल्या, “आता ह्यांना धर.”